साडेएकवीस किलो

त्रनावाच्या लाल मातीच्या कोर्टांमागं,
कपडे बदलायच्या खोलीला लागून
जूनमधला एक आठवडा माझं यंत्र उभं असतं.
मी रॅकेटींत तारा भरतो.
खेळ इथून दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

व्हेंदेलिन हुडाक. वय एकोणचाळीस.
पहिल्यांदा आला तेव्हा तोंडातलं सफरचंद न संपवताच म्हणाला होता,
"अठ्ठावीस किलो. दगड करून टाक."
मग सव्वीस. लग्नाच्या वर्षी पंचवीस.
खांद्याच्या ऑपरेशननंतर एकदम तेवीस,
आणि आकडा सांगताना त्यानं दुसरीकडं पाहिलं,
उधार मागताना माणूस पाहतो तसं.
माझ्या वहीत सगळं आहे.
त्याच्या बायकोला ठाऊक नसेल एवढं
त्याचं दुखणं मला किलोंत ठाऊक आहे.

यंदा साडेएकवीस.
"अर्धा कशाचा?" मी विचारलं.
"गुडघ्याचा," म्हणाला, आणि हसला नाही.

पहाटे पाचला तो पार्किंगमध्ये असतो.
कुंपणाच्या खांबाला रबरी पट्टा बांधून
खांदा उघडतो, मिटतो, उघडतो,
गंजलेली बिजागरी हलवून मोकळी करावी तसा.
तासाभरानं कुठं अंग त्याला ओळख देतं.
मग उकडलेले बटाटे आणि मीठ.
बियर सुटली त्याला सहा वर्षं झाली.
सामना संपला की क्लबाच्या हिरव्या कचऱ्याच्या पिंपात
कॅफेतला बर्फ ओतून कमरेपर्यंत उभा राहतो
आणि फोनवर मुलीचा अभ्यास घेतो:
दात वाजताहेत, भागाकार चाललाय,
हातचा विसरू नकोस म्हणतोय.

काल समोर टांक्रेदी होता. एकोणीस वर्षांचा.
पोरगं जांभई देतं आणि तसंच कोर्टवर जातं.
त्यानं चेंडू मारला की माझ्या कपातली कॉफी थरथरते.
भिंतीमागून मला कळत होतं:
त्याचा फट्, फट्, फट्,
आणि म्हाताऱ्याचा
(दुसरं काय म्हणू, आमच्यात पस्तिशीलाच म्हणतात)
मध्येच एक चिरका स्स्स,
घोट्याखाली राहणारा स्लाइस,
मग पोराची धाव, बुटांचं मातीत घसरणं,
मग शांतता,
मग लोक.
जाळीलगत अलगद ठेवलेला चेंडू असाच ऐकू येतो,
काहीच ऐकू न येऊन.

पहिला सेट पोरानं अठ्ठावीस मिनिटांत नेला.
दुसरा म्हाताऱ्यानं घेतला, सव्वा तास लावून.
तिसऱ्यात मी यंत्र बंद करून बसलो.
पाच-पाच.
मग फट्.
मग फट्.
टाळ्यांवरून समजलं, पोरगं जिंकलं.

संध्याकाळी जिंकलेलाच आला.
"त्याच्या तारा किती किलो?"
"एकाचं दुसऱ्याला सांगत नाही मी."
दोघांच्या रॅकेटी टेबलावर शेजारी पडल्या होत्या.
पोराच्या तारा वर, खाली, कडेला, सगळीकडं झिजलेल्या.
हुडाकच्या झिजल्या होत्या फक्त मधोमध,
दोन युरोच्या नाण्याएवढ्या जागेत.
त्यानं त्या जागेवर अंगठा ठेवला.
"रोज एवढ्यातच?"
मी कॉफी ढवळली.
"माझ्या चार किलोंनी उतरव," तो म्हणाला.

सकाळी सरावात त्याचे तीन चेंडू
कुंपण ओलांडून शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावर वाजले.
दहा मिनिटांत परत आला, कान लाल.
"पहिल्यासारखं कर."
केलं. पैसे दोनदा घेतले.

हुडाक दुपारी निघाला. पुढचा आठवडा पोलंडमध्ये,
पुन्हा पात्रता फेरीपासून.
"एकवीस करू?" मी विचारलं.
थोडा वेळ त्यानं गुडघ्याकडं पाहिलं,
त्याचंही मत घ्यावं तसं.
"नको. अर्धा राहू दे."

गाडीत तो तीन हप्त्यांत बसला:
आधी टपावर हात, मग कंबर,
मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत.
मागच्या सीटवर रॅकेटींची पिशवी,
आणि तिला टेकून, पट्टा लावून बसवलेलं
क्लबाचं हिरवं पिंप.
मी काही बोललो नाही.